बाटली कुठली होती?

साडेपाच वर्षं राबून माझ्या हातात ४ मिलिग्रॅम पदार्थ आला. पांढरा, बिनवासाचा, बोटभर उंचीच्या काचेच्या बाटलीच्या तळाला चिकटलेला. बाटली तिरपी करून उजेडात धरली तरच दिसणार. एरवी बघणाऱ्याला वाटावं, ही धुवायची राहिली आहे. प्रयोगशाळा बघायला आलेल्या माझ्या मोठ्या भावाला ती मी ऐटीत दाखवली. तो बराच वेळ बाटली फिरवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "अगं, रिकामी आहे की ही."

दादाला हसण्यात अर्थ नव्हता. सिंथेटिक ऑरगॅनिक केमिस्टची कमाई अशीच असते. वर्षं मोजायला कॅलेंडर पुरतं, माल मोजायला चार दशांश स्थळं दाखवणारा वजनकाटा लागतो.

काम काय, तर एखाद्या स्पंजात, बुरशीत किंवा झाडाच्या सालीत एखादा गुंतागुंतीचा रेणू सापडतो. तोच रेणू आपण बाजारात मिळणाऱ्या साध्या रसायनांपासून, एकेक बंध जोडत, फ्लास्कमध्ये घडवायचा. याला टोटल सिंथेसिस म्हणतात. माझा रेणू समुद्री स्पंजातला होता आणि त्याच्यापर्यंत पोचायला २७ पायऱ्या होत्या. ती वाट कागदावर आखायला मला आणि माझ्या गाइडना दोन दुपारी लागल्या. वाट उलटी आखतात: शेवटचा रेणू समोर ठेवायचा आणि विचारायचं, कुठला बंध तोडला तर याचे दोन सोपे तुकडे पडतील? मग त्या तुकड्यांचे तुकडे. असं मागे मागे जात बाजारातल्या बाटलीपर्यंत पोचायचं. इलायस कोरी यांनी या उलट्या विचाराला शिस्त लावली आणि त्यासाठी त्यांना १९९० चं नोबेल मिळालं. कागदावर तोडताना काहीही तुटतं. जोडायला बसलं की कळतं.

त्यात अंकगणित आपल्या बाजूने नसतं. समजा, प्रत्येक पायरीला ८० टक्के यील्ड येतोय, म्हणजे शंभरातले ८० रेणू पुढच्या पायरीला पोचतायत. परीक्षेत ८० टक्के मिळाले तर माणूस खूश होईल. पण अशा २७ पायऱ्या एकापुढे एक लावल्या की सुरुवातीच्या हजार रेणूंमधले शेवटी दोन-अडीच उरतात. प्रत्येक पायरीला ९० टक्के आले, तर ५८. म्हणून शहाणी माणसं एकच लांब शिडी बांधत नाहीत. १३ पायऱ्यांत डावा अर्धा भाग, १३ पायऱ्यांत उजवा, आणि शेवटी एका पायरीत दोघांचं लग्न. पायऱ्या तेवढ्याच, पण कुठल्याही तुकड्याला १४ च चढाव्या लागतात, आणि त्याच ८० टक्क्यांच्या हिशोबाने हजारातले ४४ पोचतात. आमचीही वाट अशी दोन बाजूंनी आखलेली होती. लग्नाच्या दिवशी नवरा-नवरी एकमेकांकडे बघायलाच तयार होईनात. मग पुन्हा सगळी आखणी, आणि या वेळी बहुतेक भाग एकाच लांब शिडीचा.

हे सगळं सांगताना भव्य वाटतं. रोजचा दिवस मात्र ठिपके बघण्यात जातो.

रिॲक्शन लावली की थोड्या थोड्या वेळाने तिची नाडी बघायची. केसासारख्या बारीक काचेच्या नळीने फ्लास्कमधला टिपूस उचलायचा, सिलिकाचा थर दिलेल्या बोटभर पट्टीवर टेकवायचा आणि पट्टी विद्रावकात उभी करायची. विद्रावक वर चढतो. चढताना कुणाला लांब नेतो, कुणाला वाटेत सोडतो. मग पट्टी यूव्ही दिव्याखाली. हिरवट चमकणाऱ्या पट्टीवर गडद ठिपका दिसतो, तो आपला स्पॉट. काही पदार्थ यूव्हीत दिसत नाहीत, त्यांच्यासाठी पट्टी परमँगनेटच्या द्रावणात बुडवायची; जांभळ्यावर पिवळा डाग उमटतो. ॲनिसाल्डिहाइडमध्ये बुडवून हॉट प्लेटवर धरली, तर मात्र रंगांची उधळण: कुणी निळा, कुणी गुलाबी, कुणी शेवाळी. एकाच उंचीवर चढणारे दोन भामटे इथे रंगावरून पकडले जातात.

माझ्या वह्यांमध्ये या पट्ट्यांची पेन्सिलने काढलेली हजारो चित्रं आहेत. खाली आडव्या रेषेवर तीन खुणा: डावीकडे सुरुवातीचा माल, उजवीकडे रिॲक्शन, मध्ये दोन्ही एकावर एक. उजवीकडचा ठिपका डावीकडच्याच उंचीवर राहिला, की चित्राखाली दोन अक्षरं लिहायची: एन. आर. म्हणजे नो रिॲक्शन. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या वह्या कुणी चाळल्या, तर एन. आर. हे माझ्या नावाचं लघुरूप आहे असा त्याचा समज होईल.

आणि वास. पिरिडिन केसांत बसतं. स्वर्न ऑक्सिडेशनमधून निघणारा डायमिथाइल सल्फाइड कपड्यांत बसतो आणि आपल्या नाकाला तो तासाभरात कळेनासा होतो, इतरांना मात्र कळत राहतो. रात्री बसमध्ये माझ्या शेजारची जागा बरेचदा रिकामी असायची. मी त्याचं श्रेय माझ्या गंभीर चेहऱ्याला देत असे.

एकदा १९ व्या पायरीचा सगळा माल रोटाव्हॅपवर, म्हणजे फ्लास्क फिरवत निर्वातात विद्रावक उडवणाऱ्या यंत्रावर, लावून मी क्षणभर मान वळवली. निर्वातात विद्रावक एकदम उसळला आणि फ्लास्कमधलं सगळं वरच्या नळीत, तिथून कंडेन्सरमध्ये. आठ महिन्यांचं काम काचेच्या भिंतीवरून ओघळताना दिसत होतं. अख्खं यंत्र सुटं करून, प्रत्येक तुकडा डायक्लोरोमिथेनने धुऊन मी ९० मिलिग्रॅममधले ६२ परत मिळवले. उरलेले २८ कुठे गेले ते पंपाला माहीत. त्यानंतर आजपर्यंत मी रोटाव्हॅपकडे पाठ केलेली नाही. फोन वाजला तरी.

ज्या बाटलीमुळे हे लिहायला बसले, ती चौथ्या वर्षातली.

माझ्या रेणूच्या मधोमध एक जोड होता. दोन कडी, आणि दोघींना सामाईक असा एकच कार्बन. याला स्पायरोकीटल म्हणतात. त्या कार्बनला दोन्ही कड्यांमधून एकेक ऑक्सिजन लागलेला असतो. हा जोड दोन तऱ्हांनी बसू शकतो. स्पंजातल्या रेणूत तो एका तऱ्हेने बसलेला, माझ्या शेवटच्या रिॲक्शनमध्ये बसायचा दुसऱ्या तऱ्हेने. आम्ल टाकलं तर असा जोड उघडतो, पुन्हा मिटतो, आणि मिटताना शक्यतो जास्त ऐसपैस तऱ्हेने बसतो, हे मला पाठ होतं. पण माझ्या रेणूच्या एका टोकाला इतका नाजूक अल्कोहोल होता, की आम्ल दिसताच तो पाण्याचा रेणू टाकून मोकळा व्हायचा. अर्धा-अर्धा मिलिग्रॅम घेऊन मी सहा आम्लं वापरून बघितली. सहाही वेळा पट्टीवर खालपासून वरपर्यंत एक लांब रेघ. रेघ उमटली की समजायचं, रेणूचा पाचोळा झाला.

एका गुरुवारी पुन्हा थोडा माल तयार करून मी त्याचा प्रोटॉन एनएमआर काढला. रेणूतला प्रत्येक हायड्रोजन कुणाच्या शेजारी बसलाय हे त्या आलेखावरून कळतं. कळलं ते एवढंच, की जोड पुन्हा चुकीचा. कार्बनचा आलेखही हवा होता, पण त्याला वेळ लागतो, कारण यंत्राला दिसणारा कार्बन-१३ निसर्गातल्या कार्बनमध्ये जेमतेम १.१ टक्का असतो आणि माझ्याकडे माल होता तीन मिलिग्रॅम. शनिवार-रविवारी यंत्र मोकळं होतं. काचेची नळी तशीच टेबलावरच्या स्टँडला लावून मी घरी गेले, शनिवारी रात्री ती यंत्रात सोडली, सोमवारी सकाळी आलेख घेतला.

आलेखात माझा पदार्थ नव्हता. त्याच्या खुणांपैकी बऱ्याच गायब होत्या आणि त्यांच्या जागी नव्या उभ्या होत्या. चुकून दुसऱ्या कुणाची नळी लावली, असं वाटून मी नळीवरचं नाव बघितलं. माझंच. मग स्पंजातल्या रेणूवरचा मूळ शोधनिबंध काढला आणि त्यातल्या तक्त्यावर पट्टी ठेवून एकेक आकडा ताडत गेले. पहिला जुळला. दुसरा, तिसरा जुळला. अकराव्यापर्यंत आले आणि खुर्चीत बसले. जो जोड सहा आम्लांनी बसवून दिला नाही, तो नळीत, टेबलावर, कुणी बघत नसताना आपोआप बसला होता.

पुढचे सात आठवडे पुन्हा माल आणण्यात गेले. (माल आणणं हा आमचा शब्द. जिना चढून आल्यावर कळावं की किल्ली खाली राहिली, तसं पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात.) माल आणला, नळीत भरला, चार दिवस स्टँडला लावून ठेवला. काही झालं नाही. आठ दिवस ठेवला. एन. आर. मग मी उन्हात ठेवून बघितली, अंधारात ठेवून बघितली, ४० अंशांना तापवली. नळीची काच बदलली. गुरुवारी भरून बघितली. हसू नका, त्या टप्प्यावर माणूस वारही बदलून बघतो. वहीतल्या त्या पानाची मी इतकी पारायणं केली की पानाची कड झिजली. पानावर तारीख होती, वजन होतं, विद्रावक म्हणून सीडीसीएल-थ्री, म्हणजे ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्म, आणि त्याचं आकारमान ०.६ मिलिलिटर. सगळं होतं.

सर एकदा शेजारी येऊन उभे राहिले. वही वाचली. म्हणाले, "बाटली कुठली होती?"

"कसली बाटली, सर?"

"क्लोरोफॉर्मची."

"सर, क्लोरोफॉर्म तो क्लोरोफॉर्म. बाटलीने काय होणार?"

सर काही बोलले नाहीत. बोलायचं नसलं की ते चष्मा पुसत.

क्लोरोफॉर्म उजेडात आणि हवेत पडून राहिलं की हळूहळू बिघडतं, फॉस्जीन आणि हायड्रोजन क्लोराइड तयार होतं. हे मला विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं. पण ते ज्ञान पुस्तकाच्या कप्प्यात होतं आणि माझी नळी टेबलावर. दोघांची गाठ पडली नव्हती. मधल्या काळात जुनी बाटली संपत आली म्हणून एका सीनियरने नवी फोडली होती आणि तिच्यात आम्ल राहू नये म्हणून चांगल्या हेतूने चमचाभर पोटॅशियम कार्बोनेट टाकून ठेवलं होतं. मी तीन महिने त्या स्वच्छ, निरागस बाटलीतून क्लोरोफॉर्म घेत होते.

जुनी बाटली फ्यूमहूडच्या, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या, मागच्या कोपऱ्यात सापडली. लेबल अर्धं गळालेलं, तळाला बोटभर द्रव. तो थोड्या पाण्याबरोबर हलवून पाण्यात पीएच कागद बुडवला. कागद लालभडक. काखेत कळसा म्हणतात तो असा.

त्यानंतर फारसं काही उरलं नव्हतं. क्लोरोफॉर्ममध्ये हायड्रोजन क्लोराइड अगदी मोजून, अत्यल्प विरघळवलं की जोड १८ तासांत बसायचा आणि त्या नाजूक अल्कोहोलला पत्ताही लागायचा नाही. ८३ टक्के. शोधनिबंधात हे सगळं एका ओळीत आहे. विद्रावक, तास, टक्के. ती ओळ वाचणाऱ्याला वाटेल, बाईंनी विचार करून हे सौम्य आम्ल निवडलं.

यावर माझ्या मनात बरीच वर्षं एक लाज होती. मग क्विनीनची, मलेरियावरच्या त्या जुन्या औषधाची, गोष्ट नीट वाचली आणि ती जरा कमी झाली.

१९१८ मध्ये पाउल राबे यांनी एका सहकाऱ्याबरोबर लिहिलं, की क्विनोटॉक्सिन या पदार्थापासून तीन पायऱ्यांत क्विनीन मिळतं. शेवटच्या पायरीत त्यांनी ॲल्युमिनियमची पूड वापरली होती. तपशील अगदी त्रोटक. १९४४ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड आणि विल्यम डोअरिंग यांनी क्विनोटॉक्सिन तयार केलं आणि पुढचं राबे यांनी आधीच दाखवलंय, तेव्हा क्विनीनचं संश्लेषण झालं, असं जाहीर केलं. युद्धाचे दिवस, मलेरियाच्या औषधाचा तुटवडा. केवढा गाजावाजा झाला. वुडवर्ड तेव्हा २७ वर्षांचे होते. पुढे १९६५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि या कलेतला सगळ्यात मोठा माणूस म्हणून त्यांचं नाव झालं. पण राबेंची ती शेवटची वाट त्यांनी स्वतः चालून बघितली होती का? गिल्बर्ट स्टॉर्क यांनी २००१ मध्ये क्विनीनचं स्वतःचं, प्रत्येक कोपरा नेमका साधणारं संश्लेषण प्रसिद्ध केलं आणि हा प्रश्न रोखठोक विचारला. राबेंचे तपशीलच इतके अपुरे होते, की १९४४ चा दावा म्हणजे दंतकथा, असंच बरेच जण म्हणू लागले.

२००८ मध्ये ॲरन स्मिथ आणि रॉबर्ट विल्यम्स यांनी राबेंची कृती जुन्या काळात मिळणाऱ्या साधनांनिशी पुन्हा करून बघितली. ताजी ॲल्युमिनियम पूड वापरली तर जवळजवळ काही हाती लागेना. हवा लागून थोडी जुनी झालेली पूड घेतली, आणि क्विनीन आलं. ९० वर्षांपूर्वी राबेंच्या टेबलावर जी पूड होती, तिला बहुधा हवा लागलेली होती, आणि ही काही लिहायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. ॲल्युमिनियम ते ॲल्युमिनियम.

वाचून मी चष्मा पुसला.

एकदा लक्ष गेलं की अशा गोष्टी सगळीकडे दिसायला लागतात. क्रोमियम क्लोराइड वापरून कार्बन-कार्बन बंध जोडायची एक फार उपयोगी रिॲक्शन आहे. सुरुवातीच्या काळात ती लहरी म्हणून प्रसिद्ध होती: एका बाटलीतल्या क्रोमियमने सुरेख चालायची, दुसऱ्या बाटलीतल्या, जास्त शुद्ध म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाने ढिम्म. १९८६ मध्ये योशितो किशी यांचा गट आणि ती रिॲक्शन शोधणारा जपानी गट, दोघांनाही स्वतंत्रपणे उलगडा झाला: चालणाऱ्या बाटलीत निकेलचा अंश होता. खरं काम ती भेसळ करत होती. आता निकेल मुद्दाम टाकतात. किशींनी पुढे १९९२ मध्ये हॅलिकॉन्ड्रिन-बी हा स्पंजातला अवाढव्य रेणू घडवला, त्याच्या अर्ध्या भागावरून एरिब्युलिन हे कर्करोगावरचं औषध निघालं, २०१० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते औषध आजही साठहून अधिक पायऱ्यांनी, संपूर्णपणे संश्लेषणाने बनतं, आणि त्या पायऱ्यांमध्ये ही क्रोमियम-निकेलची जोडी आहे. बाटलीतली घाण मेहनताना घेऊन कामावर रुजू झाली म्हणायची.

आणि पर्किन. हा मुलगा १८ वर्षांचा होता. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत घरातल्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवायला निघाला होता, निव्वळ रेणुसूत्रांची बेरीज-वजाबाकी करून, कारण रेणूची रचना ही गोष्ट तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हती. क्विनीन आलं नाही. तोच प्रयोग ॲनिलिनवर केला तर काळा चिकटा आला, आणि अल्कोहोलने फ्लास्क धुताना जांभळा रंग उतरला. पहिला मोठा कृत्रिम रंग, मॉव्ह. इथवर सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याचं ॲनिलिन अशुद्ध होतं आणि त्यात टोल्युइडिनं मिसळलेली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. ती नसती तर मॉव्ह झालाच नसता. शुद्ध ॲनिलिन मिळालं असतं, तर पर्किनने फ्लास्क धुतला असता आणि तो सुट्टीवर गेला असता.

याला 'अपघाताने लागलेला शोध' म्हणतात, ते मला पटत नाही. काळा चिकटा आम्हा सगळ्यांच्याच फ्लास्कमध्ये येतो, आठवड्यातून तीनदा येतो. आम्ही तो धुऊन टाकतो. धुण्याचं पाणी कुठल्या रंगाचं आहे ते बघणारा माणूस वेगळा.

माझी पुढची वर्षं भराभर सांगते, कारण ती तशीच गेली. पीएचडीनंतर दोन पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत काही वर्षांची संशोधनाची नोकरी. दुसऱ्यात मी ज्या रेणूवर तीन वर्षं होते, तो एका दूरच्या गटाने आमच्या चार महिने आधी पूर्ण केला. लायब्ररीत नवा अंक उघडला आणि पहिल्याच पानावर माझा रेणू, दुसऱ्यांच्या नावाखाली. त्यांची वाट आमच्यापेक्षा सुंदर होती हे मान्य करायला मला साधारण दहा वर्षं लागली. मग सहा वर्षं औषधाच्या कारखान्यात प्रोसेस केमिस्ट. तिथे मिलिग्रॅमवरून एकदम किलोवर. फ्लास्कमध्ये पाच अंशांनी तापणारी रिॲक्शन मोठ्या रिॲक्टरमध्ये तशी राहत नाही. भांडं लांबी-रुंदी-उंचीने दहापट झालं, तर आतला माल हजारपट होतो आणि उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग शंभरपटच. कॉलम चालवणं, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून माल शुद्ध करणं, विसरा; स्फटिक पडले पाहिजेत. पण तिथे एक गोष्ट मला मनापासून आवडली. प्रत्येक पिंपाचा लॉट नंबर लिहून ठेवायचे. कुठल्या पिंपातला टोल्युइन, कधी उघडला, कुणी उघडला. "बाटली कुठली होती?" हा प्रश्न तिथे कुणाला विचारावाच लागत नसे.

नंतर शिकवायला आले आणि स्वतःचा छोटा गट उभा केला. मुलांना पहिल्या दिवशी सांगायचे, वहीत बाटली लिहा. मुलं मान डोलवायची आणि लिहायची नाहीत. मीही लिहिली नव्हती. काही वर्षांनी प्रत्येकाची आपापली बाटली त्याला भेटते, तेव्हा लिहायला लागतात.

हल्ली संगणक रेणूची उलटी वाट काही सेकंदांत आखून देतो. मी वापरून बघितलाय. आमच्या त्या दोन दुपारींपेक्षा वाट वाईट नव्हती; दोन ठिकाणी तर आमच्यापेक्षा हुशार होती. पण तो शिकलाय छापून आलेल्या रिॲक्शनवर, आणि छापून येतं ते जमलेलं. माझ्या कपाटात एन. आर. ची एवढी पानं आहेत, ती त्याने वाचलेली नाहीत. ती मीही कुणाला वाचायला दिलेली नाहीत, म्हणजे दोष त्याला का द्यायचा?

दोन महिन्यांपूर्वी एका अनोळखी विद्यार्थ्याची ईमेल आली. माझ्याच जुन्या रेणूचा एक भाऊबंद तो बनवतोय आणि माझी १९ वी पायरी त्याच्याकडे चालत नाही. (हो, तीच, रोटाव्हॅपवरची.) अल्कोहोलचं डेस-मार्टिन ऑक्सिडेशन, म्हणजे डेस-मार्टिन नावाच्या रसायनाने अल्कोहोलमधले दोन हायड्रोजन काढून घेणं. मी ७१ टक्के लिहिलेत, त्याच्याकडे सहा तासांनंतरही निम्म्याहून जास्त माल तसाच. त्याने अतिशय नम्रपणे विचारलं होतं: मॅडम, तुम्ही काही वेगळं केलं होतं का? त्याचं सगळं कोरडं होतं: भट्टीत वाळवलेली काच, नुकतंच डिस्टिल केलेलं डायक्लोरोमिथेन, आर्गॉनचा फुगा. माझ्या विद्यार्थ्याने एवढी काळजी घेतली असती तर मी त्याची पाठ थोपटली असती.

वही नंबर चार काढली. पान पिवळं पडलंय, पेन्सिलीच्या पट्ट्या पुसट. विद्रावक, वजन, 'रूम टेंपरेचर' (कुणाच्या रूमचं?), 'रात्रभर' (किती वाजेपर्यंत?). बाटली लिहिलेली नाही. हे पान बाटलीच्या प्रसंगाच्या आधीचं. पण समासात, उभं, घाईघाईने काहीतरी खरडलेलं होतं. भिंग घेऊन वाचलं. 'फ्लास्क ओला होता??' दोन प्रश्नचिन्हं.

डेस-मार्टिनला पाण्याचा किंचित अंश मिळाला की वेग येतो, हे १९९४ मध्ये छापून आलंय. मी ते वाचलंय, इतरांना शिकवलंय, परीक्षेत विचारलंय. माझ्याच १९ व्या पायरीशी त्याचा काही संबंध असेल असं इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. पुन्हा तेच, ज्ञान एका कप्प्यात आणि फ्लास्क दुसऱ्या.

त्याला लिहिलं, डायक्लोरोमिथेन थोडं ओलं करून बघ. पाणी मोजून टाक आणि किती टाकलंस ते लिहून ठेव.

आठ दिवसांनी उत्तराबरोबर पट्टीचा फोटो आला. परमँगनेटमध्ये बुडवलेली, जांभळ्यावर पिवळे डाग, उजवीकडचा डावीकडच्यापेक्षा वर. खाली आकडा: ५८ टक्के. माझे ७१ होते. मधले १३ टक्के कुठे जातात ते आम्ही दोघं शोधतोय. काल त्याला विचारलं, तुझी सिलिकाची बाटली कुठली आहे?